दत्ता, तुझा लेख उघडला

दत्ता, तुझा लेख उघडला रे. तू गेल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, माझ्या फोनवर. चौदा पानं, तीन नकाशे आणि तो तक्ता. किती वेळ लागला सांगू? चहा उतू जाऊन शेगडी विझेपर्यंतचा. तुझ्या विद्यार्थिनीला, स्नेहलला, मी लिहिलं, "सरांचा झऱ्यांचा लेख तुमच्या संस्थेत उघडतो का बघ." तिचं उत्तर आलं, "उघडला," आणि पाठोपाठ लेखच आला. दोन मिनिटं. चौदा महिने आपण दोघं ज्या दारावर डोकं आपटत होतो, ते दोन मिनिटांत उघडलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी फोन पालथा ठेवला आणि शेगडी पुसत बसलो. आमच्या हिने विचारलं, "कोणाचा होता?" मी म्हटलं, "दत्ताचा." तेव्हापासून ती माझ्याशी जरा हळू आवाजात बोलते आहे आणि रोज दुपारी मला झोपायला लावते आहे.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्राचार्य बोलले. चांगले बोलले, खोटं कशाला सांगू. "त्यांचं संशोधन आज जगभर उपलब्ध आहे," असं म्हणाले. मी दुसऱ्या रांगेत होतो. उपलब्ध! ज्या कॉलेजात तू आयुष्यभर भूगोल शिकवलास, त्याच्या एकाही संगणकावर तुझा लेख उघडत नाही. ज्या टेपाच्या वाडीचं पाणी त्या लेखात मोजलंय, तिथे तर नाहीच नाही. पोलादपूरच्या वर गाडीरस्ता संपला की पाऊण तास चढायचं, तिथल्या बायकांनी चार वर्षं बादली धरली, आकडे त्यांचे, घाम त्यांचा, आणि लेख उपलब्ध कोणाला? ज्यांना टेपाची वाडी कुठल्या दिशेला आहे तेही सांगता येणार नाही त्यांना. मी उठून हे म्हणणार होतो. पण मी या कॉलेजचा ग्रंथपाल. हे सगळं माझ्याच खात्यात घडलेलं. म्हणून बसून राहिलो आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या आधी उभा राहिलो.

मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तू नाहीस. ही काय पद्धत झाली?

तुला तो पहिला दिवस आठवतो का, तू मला झऱ्यावर नेलंस तो? "ए लायब्ररी," म्हणालास (आयुष्यात कधी मला नावाने हाक मारली नाहीस), "कपाटाबाहेर ये जरा. माणसं कुठलं पाणी पितात ते बघ." दहा लिटरची बादली धारेखाली धरायची, भरेपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळावर घ्यायचं, तीनदा घ्यायचं, मधला आकडा लिहायचा. इतकंच काम. तू घड्याळ माझ्याकडे दिलंस. मी ते चालू केलं, आणि वाडीतल्या सोनूआतेनं मला मिठाची काकडी दिली, ती खाण्यात घड्याळ बंद करायला विसरलो. दुसऱ्या वेळी बंद केलं, पण सुरूच केलं नव्हतं. तिसऱ्या वेळी सोनूआतेनं माझ्या हातातून घड्याळ काढून घेतलं.

"तुमी काकडीच खा, सर," म्हणाली. "दत्तू, ह्यो मानूस कालेजात काय करतो?"

"पुस्तकं सांभाळतो, आते."

"ती पलत नाय म्हनून बरा."

त्या दिवसापासून दर सोमवारी घड्याळ तिच्याकडे. तिला अक्षरओळख नाही, पण मोठ्या बटनाच्या त्या घड्याळावरचा आकडा बघून ती भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवायची, आणि तू शनिवारी चढून त्या वहीत उतरवायचास. चार पावसाळे, चार उन्हाळे. मे महिन्यातही. विशेषतः मे महिन्यात. कारण वरच्या वाड्यांचे झरे माघातच आटतात आणि हा एक मेमध्येही करंगळीएवढा का होईना वाहतो, हेच तर तुला दाखवायचं होतं.

लेख लिहून झाला. एका जुन्या विद्वत्संस्थेचं त्रैमासिक होतं, निळ्या मुखपृष्ठाचं, आपल्याकडे पोस्टाने यायचं. त्यांनी तो स्वीकारला. मग एक फॉर्म आला. तुला आठवतंय ना? मला विसरता येत नाही. तू तो घेऊन माझ्या टेबलाशी आलास. इंग्रजीत चार पानं, बारीक टाइप.

"यात काय लिहिलंय बघ रे. तुझा विषय आहे."

मी चष्मा पुसला. पहिला परिच्छेद वाचला. दुसऱ्यावर नजर फिरवली. मग जाणत्या माणसासारखा म्हणालो, "औपचारिकता असते ही. सही ठोक."

तू सही ठोकलीस. साक्षीदार म्हणून खाली माझी. त्या चार पानांत तू तुझ्या लेखावरचे सगळे हक्क, आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या प्रत्येक माध्यमातले, पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र, देऊन टाकले होतेस. मी ते गेल्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण वाचलं. विषय माझा होता.

मग ते पाणी भरलं. महाडच्या माणसाला "कुठलं पाणी" असं सांगावं लागत नाही. सावित्री बाजारपेठेतून चालायला लागली, आणि सकाळी सकाळी तू कॉलेजात हजर. ग्रंथालय तळमजल्यावर. मी किल्ल्या शोधत होतो (त्या माझ्याच खिशात होत्या) आणि तू निळे खंड डोक्यावर घेऊन जिन्याने वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. गुडघाभर पाण्यात. मी म्हटलं, "दत्ता, तुझ्या घरी जा, वहिनी माहेरी आहेत, घर बंद आहे, तुझ्या वह्या खालच्या कप्प्यात आहेत." तू म्हणालास, "वह्यांतलं सगळं यात छापलंय. हे राहिलं की झालं."

तुझ्या वह्या गेल्या. संगणक गेला. कोळशाच्या रेघांचे तू काढलेले फोटोही त्याच्याबरोबर गेले. निळे खंड राहिले, कोरडे ठणठणीत.

आता दत्ता, मी तुला एक सांगणार आहे. पाच वर्षं जिभेवर आहे. तू जिवंत असताना सांगायचं होतं. दर गुरुवारी चहाला बसलो की ठरवायचो, आणि दर गुरुवारी तू भजी मागवायचास आणि मी भजी खायचो.

पुराच्या पुढच्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती. कॉलेजात रंगरंगोटी सुरू. तू उन्हाळ्याच्या सुट्टीत वाडीवर. त्याच सुमारास त्या संस्थेने आपलं त्रैमासिक एका मोठ्या परदेशी प्रकाशकाकडे चालवायला दिलं होतं, आणि जुने सगळे अंक, पहिल्यापासूनचे, संगणकावर आले होते. आपल्या कॉलेजला ते उघडायचे. मी स्वतः उघडून पाहिले. तुझा लेख उघडला, त्याचं पहिलं पान छापून भिंतीवर लावलं. आणि मला वाटलं, मग या कपाटांचं काय काम? जागा अडवतात, पुरात भिजतात, वाळवी लागते. मी अर्ज लिहिला, मंजूर करून घेतला आणि निळे खंड टेम्पोत भरून रद्दीला दिले. त्या जागी सोफा आला. समितीच्या बाईंनी त्यावर बसून मला विचारलं, "इथे नियतकालिकं कुठे ठेवता?" मी संगणकाकडे हात करून म्हणालो, "मॅडम, पाच कपाटं या एका खिडकीत मावली." माझं हे वाक्य त्यांनी अहवालात घेतलं. मी तो अहवाल लॅमिनेट करून घेतला होता.

तू सुट्टीवरून आलास. रिकामी भिंत बघून विचारलंस, "अंक कुठे?" मी म्हणालो, "समितीने काढायला लावले."

समितीने काहीच काढायला लावलं नव्हतं. मीच काढले. सावित्रीला जे नेता आलं नाही, ते मी टेम्पोत चढवून दिलं. आणि मग पाच वर्षं तू त्या समितीला शिव्या घालत राहिलास, अस्सल पोलादपुरी शिव्या, आणि मी "अगदी, अगदी" म्हणत राहिलो.

एवढ्यावर भागलं असतं, जर लेख उघडत राहिला असता. पण दोन वर्षांपूर्वी ते त्रैमासिक पुन्हा हलवलं गेलं. पहिल्या प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे. आपल्याला कोणी कळवलं नाही. लेख काही जागचा हलला नाही, तुझे आकडे तेच, सोनूआतेचे सोमवार तेच. फक्त पाटी बदलली, आणि नव्या पाटीखालच्या माणसाकडे आपली नोंद नव्हती. एक दिवस मी दुवा दाबला, तर पांढरं पान. तुझ्याकडे लेखक म्हणून जी लिंक आली होती ती दाबली, तर "हे पान अस्तित्वात नाही." भिंतीवरचं छापील पान? ते तर रंगकामात केव्हाच चुन्याखाली गेलं होतं.

तेव्हाही आपण हसलो. निकड काय होती? मग टेपाच्या वाडीच्या डोक्यावर खडीची खाण सुरू झाली. सुरुंग उडायला लागले. पुढच्याच वर्षी झरा मकरसंक्रांतीनंतर थांबला. मेमध्ये वाहणारा झरा. वाडीने अर्ज केला, महाडला प्रांत कचेरीत सुनावणी लागली. खाणवाल्यांनी कागद दाखल केला की हा झरा हंगामी आहे, दरवर्षी थंडी सरता सरता आटतोच, सुरुंगाचा काही संबंध नाही. आणि प्रांत मॅडमनी वाडीच्या लोकांना सरळ विचारलं, "आधी वाहत होता याचा काही प्रसिद्ध झालेला पुरावा आहे?"

सोनूआते म्हणाली, "हाय की. आमच्या दत्तूनं छापलाय. आमची नावा पन हायत त्यात."

"मग आणा."

आणा! दत्ता, तू त्या दिवशी कचेरीतून थेट माझ्याकडे आलास, चप्पल न काढता. "लायब्ररी, लेख काढ." मी म्हणालो, "काढतो." तेव्हापासून चौदा महिने.

जुन्या प्रकाशकाला लिहिलं. उत्तर आलं की हे नियतकालिक आता आमच्याकडे नाही, कृपया नव्या प्रकाशकाशी संपर्क साधा. नव्याला लिहिलं. त्यांनी कळवलं की तुमच्या संस्थेचा हक्क आमच्या नोंदीत दिसत नाही, कृपया जुन्या प्रकाशकाकडून दाखला आणा. जुन्याला दाखला मागितला, तर हस्तांतरित झालेल्या नियतकालिकांच्या नोंदी आम्ही ठेवत नाही. मूळ संस्थेला फोन लावला. एक आजोबा उचलायचे. म्हणायचे, "आमच्याकडचे जुने अंक स्कॅन करायला दिले ते परत आलेच नाहीत हो. तुमच्याकडे आहेत का? असतील तर आम्हालाच एक झेरॉक्स पाठवा." मी फोन ठेवून दिला. माझ्याकडे सोफा होता.

नव्या प्रकाशकाने सुचवलं, तेवढा एक लेख विकत घ्या. त्यासाठी कार्ड लागतं परदेशी व्यवहाराचं. कॉलेजकडे नाही, माझ्याकडे नाही. तू म्हणालास, माझ्या पुतण्याचं आहे मुंबईला. आणि मग तूच थांबलास. टेबलावर मूठ आपटून म्हणालास, "का? माझ्या वाडीचं पाणी मी विकत घेऊ? ते काय यांच्या बापानं मोजलं होतं?" आख्ख्या वाचनालयाने माना वर केल्या. 'शांतता राखा' अशी पाटी तुझ्या डोक्यावरच होती, आणि ती लावणारा मी म्हणालो, "अजून मोठ्याने म्हण."

आणि मग ते चांदण्यांचं प्रकरण. प्रत्येक तक्रारीला ते एक नंबर देतात, त्याला तिकीट म्हणतात. सात महिने माझं एक तिकीट चालू होतं, हळूहळू कुणा एका शहाण्या माणसापर्यंत पोचत आलं होतं. एके दिवशी मेल आला, आमच्या सेवेबद्दल आपलं मत कळवा. पाच चांदण्या होत्या. मला वाटलं, जितक्या चांदण्या दाबू तितकी तक्रार तीव्र. पाचही दाबल्या. तासाभरात उत्तर. आपण समाधानी असल्याचा आनंद आहे, तिकीट बंद करत आहोत.

तुला सांगितलं तेव्हा तू आधी हसलास. खोकला येईपर्यंत हसलास. मग म्हणालास, "आता पुढच्या तारखेला काय सांगू रे त्यांना? की आमच्या लायब्ररीने चांदण्या दिल्या?"

आपलं खरं भांडण मात्र त्यानंतर झालं, आणि ते अर्धंच राहिलं. तू म्हणालास, "स्नेहलला सांग. माझी विद्यार्थिनी, तिच्या मोठ्या संस्थेत सगळं उघडतं. ती काढून देईल." आणि मी नाही म्हणालो. मी! फॉर्म न वाचता साक्षीदार होणारा, खंड रद्दीत घालणारा, त्याला अचानक नियम आठवले. म्हणालो, "तिच्या संस्थेचा परवाना तिच्यापुरता आहे. असं बाहेर देता येत नाही. मी ग्रंथपाल आहे, दत्ता. मी रीतसर मिळवून देईन."

"माझाच लेख मी मागतोय."

"तो तुझा नाही राहिला."

हे मी बोललो. कायद्याने बरोबर होतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि उठून गेलास. नंतरच्या दोन गुरुवारी आलास, पण लेखाचा विषय काढला नाहीस. मीही नाही. मनात म्हणत होतो, एकदा रीतसर हाती आला की त्याच्यापुढे टाकीन आणि मग रद्दीचंही सांगून टाकीन. तिसऱ्या गुरुवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

आता तुला वाटत असेल, हा चौथ्या दिवशी एवढा शूर कसा झाला. शूरबीर काही नाही. सुनावणी सातव्या दिवशी होती. आणि तुझ्या घरी बसायला गेलो, तर सोनूआते वाडीतल्या सहाजणींना घेऊन उतरून आली होती. वहिनींजवळ बसली, रडली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, आता तारकेला कोन बोलनार?"

मी म्हणालो, "मी."

तोंडातून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलला मेसेज केला.

स्नेहल नंतर फोनवर रडली. म्हणाली, "सर, मला आधी का नाही सांगितलंत? मी कितीदा विचारलं होतं, गुरुजींना काही हवंय का." तिला काय सांगणार? की तुझ्या गुरुजींच्या मित्राला स्वतःचा हुद्दा सांभाळायचा होता.

प्रांत कचेरीत खाणवाल्यांचे वकील तयारीने आले होते. मी छापील प्रत पुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, शेवटापासून चाळली आणि म्हणाले, "मॅडम, प्रत्येक पानाखाली काय लिहिलंय पाहावं. ही प्रत अमुक संस्थेत उतरवून घेतलेली आहे, वैयक्तिक वापरासाठी, इतरांना देण्यास मनाई. ही प्रत इथे आलीच कशी? आणि ही खरी आहे हे कशावरून?"

दत्ता, त्यांना झऱ्यावर बोलायचंच नव्हतं. तुझ्या तक्त्यात मे महिन्याच्या एकाही रकान्यात शून्य नाही, ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणूनच ते तळटीप वाचत होते. ज्या कुंपणाने तुझा लेख तुझ्यापासून अडवला, तेच कुंपण उचलून आता ते वाडीपुढे उभं करत होते.

मॅडमनी मला विचारलं, "आपण कोण?"

"कॉलेजचा ग्रंथपाल."

"मग तुमच्या ग्रंथालयात मूळ अंक असेल ना? तो दाखवा, विषय संपला."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तीन शब्दांचं. पुरात गेला, मॅडम. महाडमध्ये एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. मॅडमच्या मागच्या भिंतीवरही पुराच्या पाण्याची रेघ होती. आणि माझ्या मागे सोनूआते बसली होती, जिला तू वाडीवर शंभरदा सांगितलं होतंस की पाणी भरलं तेव्हा पुस्तक मी डोक्यावरून वर नेलं, तुमची नावं बुडू दिली नाहीत. मी पुराचं नाव घेतलं असतं, तर त्या एका वाक्यात तू खोटा ठरला असतास.

म्हणून सांगितलं. उभं राहून, सगळ्यांसमोर. की अंक होता. प्राध्यापक दत्ताराम यांनी तो पुरातून वाचवला, स्वतःचं घर बुडू देऊन. आणि पुढच्या वर्षी तो मी रद्दीत विकला, कारण संगणकावर दिसत होता, आणि जे दिसतं ते आपलं आहे असं मला वाटलं. मग प्रकाशक बदलला आणि ते दिसायचं बंद झालं. चौदा महिने मी पत्रं लिहितो आहे, ती सगळी या पिशवीत आहेत. ही प्रत मागायचं काम माझं, देणाऱ्या मुलीचा दोष नाही. हा लेख छापून आला तेव्हा मी अंकात वाचला होता आणि ही प्रत शब्दशः तीच आहे, असं माझ्या सहीने लिहून देतो. आणि हे लिहून देणं नियमाबाहेरचं असेल, तर मला काय शिक्षा करायची ती करा, पण मे महिन्याचा रकाना वाचा.

हे असं धडाधड बोललो नाही. मध्ये दोनदा पाणी प्यालो, आणि पिशवीतली पत्रं काढताना त्यातून माझा लॅमिनेट केलेला अहवाल निघाला, तो मॅडमच्या टेबलावर गेला. त्यांनी तो वाचला. "पाच कपाटं या एका खिडकीत मावली." वाचून माझ्याकडे परत दिला. चेहऱ्यावरचा एक स्नायू हलला नाही. बाई मोठ्या पदाला जाणार.

लेख दाखल करून घेतला. मेमध्ये प्रत्यक्ष पाहणी, तोवर सुरुंग बंद. एवढंच. झरा परत येईल का, हे तूच सांगू शकला असतास. खाणवाले वर अपिलात जाणार म्हणतात. जाऊ देत. तोवर सुरुंग बंद आहेत.

बाहेर आलो. सोनूआते पायरीवर बसली होती. म्हणाली, "तुमी इकलात व्हय तो पुस्तक?"

"हो."

"दत्तूला ठाव होता?"

"नाही. सांगायचं राहिलं."

तिने तंबाखूची चिमूट दाढेत धरली. "ठाव असता तर त्यानं तुमाला हानला असता," म्हणाली.

"हो."

"नि मंग च्या पाजला असता."

तेव्हा मी रडलो, दत्ता. शोकसभेत नाही, स्मशानात नाही. प्रांत कचेरीच्या पायरीवर, तंबाखू खाणाऱ्या बाईच्या शेजारी. ती म्हणाली, "उटा आता. एसटी जाईल."

अजून माझा राग गेलेला नाही. तो जाऊ नये असंच मला वाटतं. रोज सकाळी त्या नव्या प्रकाशकाला एक पत्र लिहितो. आता विनंती करत नाही, नुसतं विचारतो: हा झरा तुम्ही पाहिला आहे का? उत्तर येतं, आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद. नवं तिकीट उघडलं आहे. या वेळी चांदण्या आल्या, तर एकही दाबणार नाही.

आणि गेल्या रविवारी एक काम केलं. कॉलेजच्या यंत्रावर तुझ्या लेखाच्या सतरा प्रती काढल्या. वाडीत सतरा घरं. प्रत्येक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि चढलो. वाटेत तीनदा बसलो, तू असतास तर तीनदा बोलला असतास. पानाखालची ती मनाईची ओळ सगळ्या सतरा प्रतींवर स्पष्ट उमटली आहे. खोडली नाही. राहू दे.

सोनूआतेच्या अंगणात सगळे जमले. शेवटच्या पानावरच्या आभारात तू चौघींची नावं घातली आहेस, तिचं पहिलं. मी वाचून दाखवलं. तिने ते नाव कुठे आहे ते विचारून घेतलं, त्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसली. मग पिशवी उलटसुलट करून बघितली आणि काळजीने मला विचारलं, "सर, ह्यो परत कदी आनून द्यायचा?"

एकतीस वर्षं मी लोकांच्या दारात जाऊन पुस्तकं परत मागितली, दत्ता. तुझ्याकडूनसुद्धा.

"परत नाय द्यायचा, आते," मी म्हणालो.